बस, थांबा

माणूस म्हातारा झाला हे त्याला आरशापेक्षा सर्वनामे आधी सांगतात. एकेक करून 'तू' म्हणणारी माणसे जातात आणि मागे उरतात ती सगळी 'तुम्ही'वाली. आईवडील गेले. बायको गेली, तिने मला चारचौघांत 'अहो' आणि भांडणात 'तू' म्हटले, आणि भांडणे बरीच झाली हे आता भाग्य वाटते. बरोबरीचे मित्र गेले. महाविद्यालयात मी 'सर', शेजारी 'काका', भाच्याला 'मामा', बँकेत 'पुढे या'. मला 'तू' म्हणणारे जगात एकच माणूस उरले होते, माझी थोरली बहीण, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात रोज थोडी थोडी नाहीशी होत होती.

तिथल्या मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात हिशेब समजावून दिला होता. "सकाळी त्या नसतात. संध्याकाळी तर मुळीच नसतात. दुपारी झोपून उठल्या की चहा येईपर्यंत असतात. तेवढ्यात या." कुठल्याही तत्त्वज्ञाने अस्तित्वाची व्याख्या इतकी नेटकी केलेली माझ्या वाचनात नाही. दुपारची झोप आणि चहा यांच्या मधल्या फटीत माझी बहीण होती. रविवारी भेटायची वेळ सकाळची, म्हणजे रविवार बाद. इतर दिवशी निवृत्तीनंतरही चालू राहिलेला माझा व्याकरणाचा तास दुपारी सुटे, आणि सुटल्यावर एकच बस अशी होती की जी वेळेवर आली, तर मला त्या फटीतून आत जाता येई.

'वेळेवर आली तर' हा संकेतार्थ आहे. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते आणि बहुधा दोन्ही घडत नाहीत, तेव्हा हा अर्थ वापरतात.

बस ज्या रस्त्याने येई तो बाजाराचा रस्ता. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, त्यांच्या शेजारी 'आलोच' म्हणून लावलेल्या गाड्या, आणि उरलेल्या अंगरख्याच्या बाहीएवढ्या वाटेने बस अंग चोरत सरकत असे. थांब्यासमोर हटकून एखादी गाडी उभी असायचीच. मग बस भर रस्त्यात थांबायची, चढणारे पदपथावरून उतरून दोन गाड्यांच्या फटीतून तिरके होत तिच्यापर्यंत जायचे, मागे भोंग्यांचे कीर्तन सुरू व्हायचे, आणि ज्याच्या गाडीमुळे हे सगळे चालले आहे तो काचेच्या दारातून हात वर करून म्हणायचा, "दोन मिनिटं!" टॅक्सी करून पाहिली. टॅक्सीही त्याच रस्त्याने जाते. फक्त अडकून पडण्याचे भाडे वेगळे द्यावे लागते.

थांब्यासमोर हटकून उभी असणारी गाडी माझ्या भाच्याची होती.

भाचा म्हणजे याच बहिणीचा मुलगा. थांब्याच्या बरोब्बर समोर त्याचे चष्म्याचे दुकान आहे. नियती विनोद करते तेव्हा शाळकरी पोरासारखा करते: दूरचे दिसत नसेल तर लोक त्याच्याकडे जातात.

"अरे, गाडी जरा पुढे घे. बस यायची वेळ झाली," मी म्हणे.

"मामा, बस आली की घेतो ना."

"बस आली की तुला गिऱ्हाईक आलेलं असतं."

"मग गिऱ्हाईक सोडू? तुम्हीच सांगा. आणि पुढे घेऊ कुठे, गादीवाल्याच्या डोक्यावर?" तो हसे. स्वभावाने वाईट नाही. शुश्रूषागृहाची व्यवस्था त्यानेच केलेली, खोलीला खिडकी हवी म्हणून भांडून घेतलेली. पण स्वतः जात नसे. एकदा मी कारण विचारले, तेव्हा भिंगे पुसता पुसता तो म्हणाला, "गेलो होतो मी. 'बसा,' म्हणाली. मला. 'बसा, डॉक्टर आत्ताच गेले.' आता जाऊन काय करू, मामा? बसू?"

त्या 'बसा'चा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. उशिरा पोहोचलो की मीही तो ऐकत असे. चहा झालेला असे, बशीत बिस्किटाचा चुरा असे, आणि ती अदबीने पदर सावरून म्हणे, "बसा. आपण कुणाकडे आलात?" 'आपण'! जिने मला आंघोळ घातली, मारले, अक्षरे शिकवली, तिच्या तोंडी माझ्यासाठी 'आपण'. मी बसत असे. 'इथे कामासाठी आलो होतो,' असे सांगत असे. ती समाधानाने मान डोलवी. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. एकट्या माणसाला अनेकवचन लावून आणखी एकटे करण्याची ही पद्धत कोणाला सुचली, त्याचा इतिहास उपलब्ध नाही.

अक्षरे तिने मला बसथांब्यावर शिकवली. मी शाळेत नुकता जाऊ लागलो होतो आणि दिसेल ते मोठ्याने वाचत होतो. थांब्यावर पाटी होती: 'बस थांबा'. मी वाचले आणि गोंधळलो. "ताई, ही पाटी कुणाशी बोलतेय?"

"का रे?"

"आधी म्हणते बस. मग म्हणते थांबा. 'बस' तर मला म्हणतात. 'थांबा' तर बाबांना."

ती इतकी हसली की बस आली तरी तिला चढवेना. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "अर्धी पाटी ओळखीच्या माणसाशी बोलते आणि अर्धी अनोळखी माणसाशी." पुढे कितीतरी वर्षे मी घरात शिरलो की ती ओरडे, "बस, थांबा!" आणि मी अर्धे बसून अर्धे उभे राहण्याचे सोंग करीत असे. लग्न झाले तसा हा विनोद माहेरीच राहिला. सासरच्यांना तो ठाऊक नव्हता. भाच्यालाही नाही. आज त्या विनोदाचे जाणकार दोनच, आणि त्यांतली एक चहा येईपर्यंतच असे.

अशा परिस्थितीत नगरपालिकेने त्या रस्त्याबद्दल सभा बोलावली. मी गेलो. सभागृहात पंखे नव्हते आणि मते भरपूर होती. नगरपालिकेच्या अभियंता बाईंनी पडद्यावर नकाशा दाखवला आणि सरळ सांगितले की रस्त्याची एक कड पार्किंगमधून काढून बसला दिली, तर बस वेळेवर धावेल; गाड्यांसाठी मागच्या मैदानात जागा करता येईल. त्यांचे बोलणे संपायच्या आत गादीवाला उठला.

"बाई, गादी काय गिऱ्हाईक बसमधून नेणार? डोक्यावर घेऊन उभा राहील, का गादी अंथरून झोपूनच जाईल?"

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "दिवसाला किती गाद्या विकता?"

"तो प्रश्न आमची बायको विचारते. तुम्ही नका विचारू."

पुन्हा हशा. औषधवाला म्हणाला, त्याची गिऱ्हाइके आजारी असतात, मैदानातून चालत कशी येणार? मागून कोणीतरी म्हणाले की आजारी माणसे बसनेच येतात, गाडीवाल्यांना घरी डॉक्टर परवडतो. औषधवाल्याने हा मुद्दा वैयक्तिक घेतला. ज्याच्या घरात तीन गाड्या आहेत अशा एका गृहस्थाने पर्यावरणाविषयी चिंता व्यक्त केली: बस फार धूर सोडते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. फरक इतकाच की इथे बाब्याला चार चाके होती.

मग भाचा उठला. तो दुकानदारांच्या वतीने बोलणार होता. बरा बोलला, मुद्देसूद, शिकवणी माझीच. "सकाळ-संध्याकाळ बस भरलेली असते, कबूल. तेव्हा कड मोकळी ठेवू, आम्हीही माणसं आहोत. पण दुपारी? दुपारी बसमध्ये असतं कोण? चार म्हातारे आणि कंडक्टर. त्यांना कुठे कामावर जायचंय?"

सभागृह हसले. मी पाहत होतो. त्याला मी दिसलो नसेन असे नाही. दिसलो, आणि त्याने मान खाली घातली, आणि कागद चाळला, आणि खाली बसला.

मी हात वर केला. अध्यक्ष माझे जुने विद्यार्थी. "सर, बोला, पण थोडक्यात."

"म्हाताऱ्यांना कामावर जायचं नसतं, हे खरं आहे," मी म्हणालो. "त्यांना आणखी म्हाताऱ्या माणसांना भेटायला जायचं असतं. त्या कामाला रजा नसते आणि ते उद्यावर ढकलता येत नाही. 'दोन मिनिटं' हा शब्दप्रयोग या रस्त्यावर फार चालतो. मूळ अर्थाने तो कालवाचक आहे. आपण तो वापरतो मालकीवाचक—"

"सर, सर," अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "व्याकरण नको. समतोल साधायचाय आपल्याला."

समतोल हा मोठा सभ्य शब्द आहे. तराजूच्या एका पारड्यात बसलेले सगळे लोक सभेला येऊ शकतात आणि दुसऱ्या पारड्यातले त्या वेळी बसची वाट पाहत असतात, तेव्हा जे साधते त्याला समतोल म्हणतात. ठराव झाला: सकाळ-संध्याकाळ कड बसची, दुपारी गाड्यांची, पण थोडा वेळच. टाळ्या पडल्या. अभियंता बाईंनी नकाशा बंद केला. बाहेर जिन्यात त्यांनी मला विचारले, "तुम्ही कुठे जाता दुपारी?" मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मला त्यांचे ते न बोलणे त्या दिवसातले सर्वांत शुद्ध वाक्य वाटले.

त्यानंतर बराच काळ काही घडले नाही, म्हणजे नगरपालिका काम करीत होती. मी उशिरा पोहोचत होतो. 'बसा,' 'आपण', 'कुणाकडे'. एकदा तिने मला शेजारच्या खोलीतल्या आजींचा मुलगा समजून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मी आजी बऱ्या आहेत असे सांगितले. मावशी म्हणाल्या, "काल तुम्ही यायच्या आधी विचारत होत्या. 'तो आला का?' म्हणून." मी विचारले, तो म्हणजे कोण? "ते नाही म्हणाल्या. नुसतं 'तो'." एवढ्या मोठ्या भाषेत इतके छोटे सर्वनाम, आणि त्यावर हक्क सांगायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

मग एके दुपारी तास संपवून आलो तर थांब्यावर नवी कोरी पाटी. जुना गंजका खांब उपटलेला, आणि निळ्या पाटीवर ठसठशीत पांढरी अक्षरे: 'येथे थांबा'. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होते. त्यावर कुठल्याशा शिकवणीवर्गाची जाहिरात डकवलेली. मी पाटी वाचली आणि नाराज झालो. 'बस' गेला. पाटीचे ओळखीचे अर्धे त्यांनी काढून टाकले आणि अनोळखी अर्धे तेवढे ठेवले, असे मनात आले. या विचारात मी इतका रमलो की दुसरा कोणताच विचार केला नाही. पाटीखाली उभा राहिलो. शेजारी कोणी प्रवासी नव्हते. तेही मला वेगळे वाटले नाही. एकटे उभे राहण्याची सवय झाली होती.

बस आली. वेळेवर आली! मी हात केला. ती माझ्यासमोरून गेली, थांबली नाही, आणि पुढे औषधवाल्याच्या कोपऱ्यावर माणसांच्या घोळक्यापाशी जाऊन उभी राहिली. मी चालू लागलो. गुडघ्याने आपले मत दिले. बस निघाली.

भाचा दुकानातून बाहेर आला होता. "मामा! इथे काय करताय? थांबा पुढे गेला ना, कोपऱ्यावर. आजच हलवला."

"मग ही पाटी?"

"ही आमच्यासाठी. गाडीवाल्यांसाठी." त्याने जाहिरातीचे टोक सोलले. खालची ओळ दिसली: 'थोडा वेळ, फक्त दुपारी'. "येथे थांबा. म्हणजे, गाडी थांबवा थोडा वेळ."

आयुष्यभर मुलांना नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे शिकवले. आज्ञार्थ ओळखता आला नाही म्हणून कितीजणांचे गुण कापले. आणि भर रस्त्यात आज्ञार्थाला नाम समजून त्याच्याखाली उभा राहिलो. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. चेहऱ्यावर काय होते मला माहीत नाही, पण भाच्याचे हसू मावळले.

"चला," तो म्हणाला. "मी सोडतो. गाडी इथेच आहे."

"गाडी इथेच असते," मी म्हणालो.

दुकान सांभाळणाऱ्या मुलीला त्याने आवाज दिला, दार उघडले, मी बसलो.

कोपऱ्यावर आम्ही अडकलो. बस निघून गेलेली, पण नव्या थांब्यासमोर कुणीतरी टेम्पो आडवा लावून खोकी उतरवत होते. मागे गाड्या, पुढे टेम्पो. भाच्याने भोंगा वाजवला. मग डोके बाहेर काढले. "ओ! रस्ता काय बापाचा आहे का?"

"दोन मिनिटं, शेठ!" टेम्पोवाला खोके खांद्यावर घेत हसला.

"दोन मिनिटं म्हणे! लोकांना कामं नाहीत का? आमची म्हातारी तिकडे…" आणि तो मध्येच थांबला. मी समोर पाहत होतो. शिक्षकी पेशात एक गोष्ट शिकलो आहे: उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडात आलेले असेल तर आपण बोलू नये.

टेम्पो हलल्यावर त्याने विचारले, "रोज असंच होतं?"

"रोज नाही. रविवारी जात नाही."

शुश्रूषागृहापाशी पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मी इथे गाडीतच थांबतो." पण फाटकावरचा माणूस काठी आपटत आला. "इथे थांबायचं नाही. रुग्णवाहिकेची जागा आहे. आत लावा, भेटायला आला असाल तर."

"भेटायला…" भाचा म्हणाला.

"आला आहात का नाही?"

बाहेर गाडीला जागा नव्हती म्हणून मुलगा आईपर्यंत आला. नगरनियोजनाचा इतका थेट लाभ कुठल्या अहवालात नोंदवलेला नसेल.

व्हरांड्यात मावशी चहाची ढकलगाडी घेऊन येत होत्या. पेल्यांचा किणकिणाट अजून दोन खोल्या लांब होता. "जा, जा, अजून आहेत," त्या घाईने म्हणाल्या.

ती खिडकीशी बसली होती. केस नुकतेच विंचरलेले. आम्ही दोघे दारात उभे राहिलो, मी पुढे, भाचा माझ्या खांद्यामागे, लहानपणी लपायचा तसा. खोलीत खुर्ची एकच. ती वळली. तिने पाहिले, आणि तिची नजर कुठल्यातरी जवळच्या गोष्टीवर टेकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, हसण्याच्या अगदी अलीकडचे.

"बस," ती म्हणाली.

मग तिची नजर सरकली, की नाही सरकली; खिडकीच्या उजेडाकडे तिची पाठ होती, मला दिसले नाही.

"थांबा," ती म्हणाली.

दोन माणसे, दोन शब्द, एक खुर्ची. एकाला तिने ओळखले होते आणि एकाला नाही. किंवा पहिल्या शब्दाला एक माणूस तिच्या हाती होता आणि दुसऱ्या शब्दापर्यंत तो निसटला. किंवा, आणि हे मला कोणालाही सिद्ध करून दाखवता येणार नाही, ती मला एक जुनी पाटी वाचून दाखवत होती, आणि दोन्ही शब्द माझे होते.

मागून हुंदका आला. "मला 'बस' म्हणाली," भाचा कुजबुजला. "मामा, ऐकलंत? 'बसा' नाही. 'बस'."

मला अर्धे बसून अर्धे उभे राहून दाखवता आले असते. ती हसली असती तर कळले असते. एवढेच करायचे होते. गुडघ्याने केले असते किंवा नसते.

मी बाजूला झालो. "ऐकलं," मी म्हणालो. "बस तू."

तो खुर्चीवर बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला. मी भिंतीला टेकून थांबलो, मला सांगितले होते तसा. मग ढकलगाडी आत आली, मावशींनी पेला ठेवला, आणि थोड्या वेळाने बहीण माझ्याकडे पाहून अदबीने म्हणाली, "यांनाही चहा द्या. कधीपासून उभे आहेत."

परतताना भाच्याने गाडीचे दार उघडून धरले. त्याला आज बोलायचे होते, पुष्कळ. उद्यापासून गाडी मैदानात लावतो, म्हणाला; लावेलही, काही दिवस. मी त्याला दुकानात जा म्हणालो. मला बसने जायचे होते.

फाटकाबाहेरचा थांबा जुनाच आहे. गंजका खांब, उडालेला रंग, पण शब्द दोन्ही शाबूत. मी पाटी मोठ्याने वाचली. रस्त्यावर कोणी नव्हते. बाक रिकामे होते, तरी मी बराच वेळ उभाच राहिलो.